वाडग्याचं बूड

बुरमाकान फोनवर बोलत होती आणि झांतोरो दारात उभा राहून नुसता ऐकत होता. आत शिरून तिला वेळीच थांबवलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

"नाही हो कुदागी, आमचे हे काही रिकामे बसत नाहीत," ती होणाऱ्या विहिणीला सांगत होती. "बस चालवायचं थांबलं तसं यांनी लाकडाचं काम हातात घेतलंय. अक्रोडाचे वाडगे करतात, लेथवर. बाजारात शोधून मिळणार नाहीत असे."

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. झांतोरोचा पहिला वाडगा मधोमध उकलला होता. दुसरा लेथवरून सुटून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात गेला, आणि कोंबड्या बरेच दिवस अंडी द्यायला विसरल्या. तिसऱ्याला बाहेरून आकार बरा आला, पण आतून पोखरताना काठच गेला आणि हातात उरली एक बशी. बुरमाकान तिच्यात साबण ठेवायची.

तिकडून विहीणबाई कुणाशी तरी बोलल्या आणि परत फोनवर आल्या. आवाज एवढा खणखणीत की दारापर्यंत ऐकू आला. "आमचे हे म्हणतायत, शुक्रवारी येताना घोडीचं दूध आंबवून केलेला ताजा कुमिस आम्हीच आणतो, वरच्या कुरणावरचा. पण पिणार तो कुदांच्या, आमच्या व्याह्यांच्या हातच्या वाडग्यातून. दुसऱ्या कशातून नाही."

फोन ठेवून बुरमाकान त्याच्याकडे वळली.

"आता काय?" झांतोरोने विचारलं.

"आता काय म्हणजे? करा एक वाडगा."

"अगं, जमत असता तर कोंबड्या आज मला घाबरल्या असत्या का?"

"मग मी काय सांगायचं होतं? ती अर्धा तास त्यांच्या घोड्यांचं गुणगान करत होती. आपल्याकडचंही काहीतरी सांगायला नको? तुम्ही दुपारभर झोपता, ते सांगू?"

कोपऱ्यात भाजी चिरत बसलेली त्यांची मुलगी नुरझात तेव्हा पहिल्यांदा बोलली. ती तालुक्याच्या इस्पितळात परिचारिका होती आणि डोंगरापलीकडच्या नारीनच्या एर्मेकशी तिचं जमलेलं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी त्याचे आईवडील लग्न पक्कं झाल्याची खूण म्हणून तिच्या कानात डूल घालायला येणार होते. "बाबा," ती म्हणाली, "एर्मेकच्या आईला आधीच वाटतं की आपण दक्षिणेकडचे लोक गोड बोलतो आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. तिला मी नोकरी करतेय हेही आवडत नाही. मला वर कुरणावर न्यायचंय तिला. एर्मेक म्हणतो, त्याच्या बाबांना पटलं तर आईचं काही चालत नाही. पण त्यांना आधी माणसं पटावी लागतात."

तिने एवढं बोलून मान खाली घातली आणि कांदा चिरायला लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की कसलं, हे झांतोरोने विचारलं नाही. तो उठून शेजारी गेला.

शेजारचे एर्गाश-आका पाळण्यांचे खांब आणि दांड्या कातणारे जुने कातारी. झांतोरोला लेथ चालवायला त्यांनीच शिकवलं होतं आणि त्याचा पश्चात्ताप ते रोज बोलून दाखवायचे. सगळं ऐकून घेऊन त्यांनी छपराखालून अक्रोडाचा एक ठोकळा काढला.

"हा चांगला सुकलाय. एकच आहे. दुसरा मागायला येऊ नकोस."

"आका, तुम्हीच करून दिलात तर?"

"आणि त्या माणसाने तुला समोर बसवून दुसरा करायला सांगितला तर? कर तुझं तू. एक लक्षात ठेव, बुडाशी आलास की थांबायचं. तुला थांबायचं कळत नाही. एवढी वर्षं बस कशी थांबवत होतास?"

"बसला ब्रेक होता."

ब्रेक नसलेल्या त्या यंत्रापुढे झांतोरो जीव मुठीत धरून उभा राहिला. बाहेरचा आकार निघाला. हत्यार त्याने स्टिअरिंगसारखं घट्ट न आवळता सैल धरायचा प्रयत्न केला आणि लाकडाच्या लांब कुरळ्या साली पायाशी पडू लागल्या, तसा त्याला स्वतःचाच संशय आला. एवढं नीट चाललंय म्हणजे कुठेतरी चुकत असणार. पण काहीच चुकेना. वाडगा मोठा, पोटाला गोल होत गेला. आतून पोखरतानाही काठ शाबूत राहिला. गुरुवारी दुपारपर्यंत फक्त बूड तेवढं राहिलं होतं.

बुडाशी एक खरबरीत जागा होती, बोटाच्या पेराएवढी. लाकडाचे रेषे तिथे उलटे फिरले होते. एर्गाश-आका थांब म्हणाले होते, हे त्याला आठवत होतं. पण कुदांचं बोट नेमकं तिथेच गेलं तर? विहीणबाईंचं तर नक्कीच जाणार. त्याने हत्यार अगदी हलकं टेकवलं. खरबरीतपणा थोडा कमी झाला. आणखी जरा. आता लाकडाचा आवाज बदलला होता, भरीव घरघर जाऊन पातळ शिट्टीसारखा. झांतोरोला तो आवाज ऐकू आला, कळलाही. हाताला कळायला मात्र जरा वेळ लागला.

त्याने यंत्र बंद केलं. वाडगा काढून उजेडाकडे धरला. बुडाची मधली जागा दिव्यावर धरलेल्या तळहातासारखी तांबूस दिसत होती, आणि तिच्या बरोबर मधे मसुरीच्या डाळीएवढा एक पांढरा स्वच्छ ठिपका होता. त्या ठिपक्यातून अंगणातला दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता.

तो ओट्यावर बसला. कितीतरी वेळ त्या टॉवेलकडे बघत राहिला.

मग त्याने दार आतून लावलं. कातताना पडलेला बारीक भुसा चाळून घेतला, लाकडाला लावायच्या पांढऱ्या गोंदात कालवला, आणि ती चिकट गोळी भोकात दाबून बसवली. वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवला, आधी जाडा, मग मऊ, मग त्याहून मऊ. अक्रोडाचं तेल कोमट करून फडक्याने चोळलं. तेल लागताच लाकूड जागं झालं. तपकिरीतून काळसर लाटा वर आल्या, काठाशी सोनेरी झाक उमटली, आणि ती भरलेली जागा त्या लाटांत कुठे गेली ते त्याचं त्यालाही सापडेना.

पाणी ओतून बघावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण बघून करणार काय? गळला तरी उद्या शुक्रवार होता आणि नाही गळला तरी शुक्रवारच.

संध्याकाळी त्याने वाडगा बुरमाकानपुढे ठेवला. ती हात पुसत आली. तिने वाडगा उचलला, फिरवला, गालाला लावला.

"तुम्ही केलात?"

"हं."

"एर्गाश-आकांनी नाही ना?"

"विचार त्यांना."

"मला वाटलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी आपली उगीच बोलून गेले होते. मला खरंच वाटलं नव्हतं हो."

इतक्या वर्षांच्या संसारात ती अशा आवाजात फार थोड्या वेळा बोलली होती. भोकाचं सांगायला उघडलेलं तोंड झांतोरोने मिटून घेतलं.

पाहुणे दुपारी आले. एर्मेकचे वडील इद्रिस-आके म्हणजे दार भरून टाकणारा माणूस. घोड्यावर वाढलेला, बोलायला मऊ, हात मात्र फावड्याएवढे. त्यांच्या मागून त्यांची बायको काल्बुबू, सडपातळ, आणि आल्या आल्या घराचे कोपरे न्याहाळणारी. इद्रिसनी कातडी पिशवीतला कुमिस स्वतः आत आणला. जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळे बसले. एर्गाश-आकांनाही बोलावलं होतं, ते दाराजवळ बसले. बुरमाकानने दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला.

"हाच का तो?" इद्रिसनी वाडगा हातात घेतला आणि घोड्याचे दात बघावेत तसा निरखला. "कुदा, हात आहे तुम्हाला."

"छे हो, शिकतोय अजून," झांतोरो म्हणाला. त्या दिवशी तो एवढं एकच खरं बोलला.

कुमिस ओतला गेला. इद्रिस प्यायले. वाडगा खाली ठेवला. काही झालं नाही. रस्त्याच्या, घाटाच्या, यंदाच्या गवताच्या गोष्टी सुरू झाल्या. झांतोरोने श्वास सोडला आणि ब्रेडचा तुकडा तोंडात टाकला.

तो गिळायच्या आत इद्रिसनी वाडगा पुन्हा उचलला, आणि खालच्या पांढऱ्या कापडावर एक ओलं वर्तुळ उमटलेलं दिसलं.

गोंद. कुमिस आंबट, आणि पांढरा गोंद ओला झाला की सुटतो, हे झांतोरोला त्या क्षणी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं आठवलं. इद्रिसनी वर्तुळाकडे पाहिलं. वाडग्याच्या खाली पाहिलं. मग काही न बोलता जवळची तळलेल्या बोरसोकच्या गोळ्यांची थाळी त्या ओल्या जागेवर सरकवली आणि वाडगा डाव्या हातात असा धरला की मधलं बोट बरोबर बुडाशी आलं.

त्यानंतर त्यांनी वाडगा खाली ठेवला नाही.

झांतोरोने उरलेला ब्रेड परत थाळीत ठेवला. याला कळलंय, हे उघड होतं. पण मग बोलत का नाही? धरून का ठेवलाय? बहुतेक सगळ्यांसमोर दाखवण्यासाठी, योग्य वेळ आली की. पोलिसाने कागद धरून ठेवावेत तसा.

"कुदा," तो घाईघाईने म्हणाला, "चहा घ्या ना गरम. तो वाडगा द्या इकडे."

"असू दे," इद्रिस म्हणाले.

"हात अवघडेल."

"लगाम धरायची सवय आहे या हाताला. असू दे."

काल्बुबूने नवऱ्याकडे पाहिलं. "मांस तरी खा नीट. वाडगा कुठे पळून जातोय का?"

"मला बरा वाटतोय हातात," इद्रिस म्हणाले आणि वाडगा रिकामा करून टाकला. रिकामा वाडगा गळत नाही, एवढा साधा हिशोब होता त्यांचा. पण बुरमाकानचं लक्ष होतं. आपल्या नवऱ्याच्या वाडग्यातून पाहुणा एवढ्या आवडीने पितोय हे बघून तिचा चेहरा उजळला होता. तिने पळी घेतली आणि वाडगा परत भरला.

"बुरमाकान, जरा दमाने," झांतोरो पुटपुटला.

"पिऊ द्या हो. स्वतःच्याच घोड्यांचा आहे."

इद्रिसनी भरलेल्या वाडग्याकडे खोल नजरेने पाहिलं आणि पुन्हा पिऊन टाकला. बुरमाकानने पुन्हा भरला. तिच्या घरात पाहुण्याचा वाडगा रिकामा राहिल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि भरलेला वाडगा फार वेळ ठेवायची इद्रिसांची तयारी नव्हती. मनगटावरून एक पांढरा ओघळ त्यांच्या बाहीत शिरताना झांतोरोने पाहिला. दाराजवळून एर्गाश-आकांनीही पाहिला. आकांनी आधी त्या ओघळाकडे आणि मग झांतोरोकडे पाहिलं, आणि दाढीत हात घालून ते छताकडे बघत बसले.

एवढ्यात शिजवलेलं मेंढीचं डोकं आलं. ते मानाच्या पाहुण्यापुढेच ठेवायचं आणि त्यानेच कापून वाटायचं. एका हाताने मेंढीचं डोकं कापता येत नाही. थाळी इद्रिसांपुढे आली, सुरी आली, आणि सगळे थांबले. इद्रिसांच्या उजव्या हातात सुरी, डाव्यात वाडगा.

"अहो, ठेवा आता तो," काल्बुबू दातांतून म्हणाली.

इद्रिसनी डोक्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. कपाळावर आठी पडली. मग म्हणाले, "कुदा, इकडे या. आज दोन घरं एक होतायत. डोकं एकट्याने कशाला कापायचं? तुम्ही धरा, मी कापतो."

झांतोरो गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बायका डोळे पुसायला लागल्या. असा मान कुणी कुणाला दिलेला त्यांनी पाहिला नव्हता. इद्रिसनी सुरी चालवली, कान कापून नुरझातला दिला, आणि खाली वाकताना झांतोरोच्या कानाशी त्यांचा श्वास आला. त्याला वाटलं, आता बोलणार. पण त्या श्वासाला नुसताच कुमिसचा वास होता.

तो वास आता खोलीभर होता. कुमिस दिसायला दूध असला तरी दुधासारखा वागत नाही. इद्रिसांचे कान लाल झाले, टोपी मागे सरकली. गवताच्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं, तरी ते हसले. काल्बुबूने संधी साधून विषय काढला.

"लग्नानंतर मुलगी वर आमच्याकडे येईल. इस्पितळाचं काय ते आधीच सोडलेलं बरं."

नुरझातच्या हातातली किटली थांबली.

"का सोडायचं?" इद्रिस म्हणाले.

"का म्हणजे? आपलं ठरलं होतं."

"वर कुणाला ताप आला तर आपण काय करतो? घोड्यावर बांधून खाली आणतो. शिकलेली मुलगी मिळतेय आणि तिला दूध काढायला बसवायचं? करू दे की तिला नोकरी." एवढं बोलून त्यांनी वाडगा पुन्हा रिकामा केला. बुरमाकानने आनंदाने काठोकाठ भरला.

काल्बुबू नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. पण चारचौघांत बोललेला शब्द तिथे कुणी मागे घेत नाही. तिने ओठ मिटले, डूल काढले, आणि नुरझातला जवळ बसवून तिच्या कानात घातले. हात मात्र हलका होता तिचा.

आता राहिला आशीर्वाद. तो मुलाच्या बापाने द्यायचा, दोन्ही तळवे उघडे समोर धरून. सगळ्यांनी हात वर केले. झांतोरोनेही केले. या एका गोष्टीला वाट नव्हती. एका हाताने आशीर्वाद होत नाही, आणि वाडगा काठोकाठ भरलेला.

इद्रिसनी वाडगा तोंडाला लावला आणि एका दमात, घशाची गाठ वरखाली होत, तळापर्यंत पिऊन टाकला. कोपऱ्यात बुरमाकानचा हात पळीकडे जाताना त्यांना दिसला असावा. पुन्हा कुणी भरू नये म्हणून पाहुणा जे करतो तेच त्यांनी केलं. वाडगा कापडावर पालथा घातला.

बूड वर आलं. गोंदाची गोळी केव्हाच गळून गेली होती आणि कडांचं ओलं लाकूडही थोडं तुटलं होतं. आता ते भोक वाटाण्याएवढं होतं आणि छताकडे बघत होतं.

इद्रिसनी दोन्ही तळवे वर केले. मधल्या बोटाचं टोक पांढरंफटक पडून सुरकुतलं होतं. त्यांनी आशीर्वाद दिला, लांबलचक, मुलांना, घोड्यांना, घाटातल्या रस्त्याला. सगळ्यांचे हात वर होते आणि डोळे त्या भोकावर. "ओमीन" म्हणून तळवे चेहऱ्यावरून खाली आले, तेव्हा बुरमाकानचा चेहरा त्या वाडग्यासारखाच रिकामा झाला होता.

काल्बुबू पुढे वाकली. करंगळी भोकात घातली. ती सहज आत गेली. "कुदा, हे काय?"

झांतोरोने तोंड उघडलं. त्याने ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण त्याच्या मांडीवर एक जड ओला पंजा येऊन पडला.

"तुला नाही कळणार," इद्रिस बायकोला म्हणाले. जीभ थोडी जड होती, पण चेहरा पंचायतीत बसल्यासारखा गंभीर. "खाली ठेवायचा वाडगा कुणीही करतं. हा खाली न ठेवायचा वाडगा आहे. व्याह्याच्या घरचं हातात घेतलं की अर्ध्यावर टाकायचं नाही, शेवटपर्यंत धरून बसायचं. म्हणून बोटाला जागा ठेवलीय. मी घेतल्या घेतल्या ओळखलं."

काल्बुबूने झांतोरोकडे पाहिलं, मग दाराकडे. "तुम्ही शिकवलंत ना यांना? असे करतात?"

एर्गाश-आकांनी दाढीतून हात काढला. "मी सांगत होतो, एवढं करू नकोस," ते शांतपणे म्हणाले. "पण याने ऐकलं नाही."

"दक्षिणेत असं असतं होय," काल्बुबू म्हणाली. तिने वाडगा उचलून भोकाला बोट लावून धरून पाहिला. चेहऱ्यावरचा संशय जायला वेळ लागला, पण गेला. "विचार करून केलंय म्हणायचं. बाजारात खरंच नाही मिळणार."

"हा मी नेतोय," इद्रिस म्हणाले. "आणि कुदा, लग्नाला आमच्याकडचे बारा थोरले बसतील. प्रत्येकाला असाच एक हवा. अगदी असाच."

निघताना घोड्यावर चढावं तसे ते गाडीत चढले आणि खिडकीतून झांतोरोला जवळ ओढून कानात एवढंच म्हणाले, "बोट अजून बधिर आहे."

लग्न पानगळीनंतरचं ठरलं. एर्गाश-आकांनी, एकच आहे म्हणून सांगितलं होतं त्याच छपराखालून, ठोकळे एकेक करून काढून दिले. झांतोरो रोज सकाळी लेथपुढे उभा राहू लागला. पहिल्या वाडग्याचं बूड तो पातळ करत गेला, आवाज बदलला, आणि हात आपोआप थांबला. दुसऱ्याला त्याने मुद्दाम जोर दिला, तर हत्यार अलगद बाजूला सरकलं आणि बूड आरशासारखं गुळगुळीत झालं. पंधरवडा गेला. ओट्यावर वाडग्यांची रांग लागली, एकाहून एक सुबक.

"ड्रिलने पाडू का, आका?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"ते ड्रिलने पाडलेलं दिसेल. तुझ्या भोकाला वेगळाच हात होता."

त्या दिवशी त्याने सगळी हुशारी बाजूला ठेवली, डोळे जवळजवळ मिटून घेतले आणि जुन्या दिवसांसारखं हत्यार स्टिअरिंगगत आवळून धरलं. यंत्र थांबल्यावर वाडगा बाहेर आणला. त्यात बादलीतलं पाणी ओतून तो उन्हात धरून उभा राहिला.

बुरमाकान दारात आली. "गळतोय का?"

झांतोरोने वाडग्याखाली हात फिरवला. हात कोरडाच होता.

"नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एक थेंब नाही."

ती जवळ आली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "उद्या जमेल."